ब्रह्मगिरीचा कातळ आणि गार्नेटचे पातळ थर : तापन व चुंबकत्व यांचा इतिहास

प्रस्तावना :
त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी गोदावरीचे उगमस्थान म्हणून सर्वपरिचित आहे. त्याचा काळा कातळ हे चुंबकत्वाच्या इतिहासाचेही साधन आहे. दख्खनचा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनला. थंड होताना त्यातील लोह-टायटॅनियम ऑक्साइडच्या कणांनी तत्कालीन भूचुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. नैसर्गिक खडक आणि प्रयोगशाळेतील चुंबकीय गार्नेट यांना जोडणाऱ्या तापनाच्या दुव्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन शोध, एक वर्ष :
1956 मध्ये क्लेग, डॉइच व ग्रिफिथ्स यांनी भारतातील खडकांच्या चुंबकत्वाचा अभ्यास प्रसिद्ध केला. भारतीय भूभाग दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकला, या मताला दख्खनच्या बेसाल्टने बळ दिले. त्याच वर्षी फ्रान्समधील ग्रनोबल येथे बेर्तो व फोरा यांनी यिट्रियम-लोह गार्नेट हा चुंबकीय ऑक्साइड अभ्यासकांपुढे आणला. त्यातील दर पाच लोह-आयनांपैकी तिघांचे चुंबकत्व उरलेल्या दोघांच्या विरुद्ध दिशेने असते. वजाबाकीनंतर उरते तेच त्याचे चुंबकत्व होय.

पद्धतीतील स्थित्यंतर :
1970 च्या दशकात संगणकाच्या ‘बबल’ स्मृतीसाठी गार्नेटचे थर शिसे-ऑक्साइडच्या तप्त रसातून महागड्या एकस्फटिकी चकतीवर वाढविले जात. पुढे सेंद्रिय धातुसंयुगांच्या द्रावणाची पद्धत विकसित झाली. ‘स्पिन कोटिंग’मध्ये चकतीवर द्रावण टाकून ती मिनिटाला सुमारे 3000 फेऱ्यांनी फिरवितात. 100 अंश सेल्सिअसच्या आसपास द्रावक उडून जातो; सुमारे 450 अंशांना सेंद्रिय भागाचे विघटन होते. अपेक्षित जाडी येईपर्यंत ही क्रिया पुन्हा पुन्हा करतात. अखेरीस सुमारे 700 अंशांना तापविल्यावर अस्फटिकी थराचे गार्नेटमध्ये रूपांतर होते. या पद्धतीस निर्वात यंत्रणेची गरज नसते.

निष्कर्ष :
फिरविण्याने मुख्यतः थराची जाडी ठरते. चुंबकत्व शक्य करणारी स्फटिकरचना मात्र भट्टीतच घडते. खडकाचा तापन-इतिहास अभ्यासकास पुराव्यांवरून जुळवावा लागतो. थराचा इतिहास प्रयोगवहीत लिहून ठेवता येतो. तापमान, कालावधी व थंड होण्याची गती यांची नोंद नसेल, तर तसाच थर पुन्हा मिळेल याची शाश्वती राहत नाही. अल्प साधनांच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेस ही पद्धत आवाक्यातील आहे. म्हणूनच नोंदीची ही शिस्त तिच्यासाठी यंत्रसामग्रीइतकीच मोलाची ठरते.