स्तन पुनर्रचनेनंतर घरी घ्यायची काळजी

कर्करोगामुळे काढलेला स्तन पुन्हा तयार करण्याच्या शस्त्रक्रियेला स्तन पुनर्रचना म्हणतात. त्यासाठी सिलिकॉनचे इम्प्लांट बसवतात किंवा पोटाचा अथवा पाठीचा भाग वापरतात. या भागाला फ्लॅप म्हणतात. सोलापूरच्या बऱ्याच जणी पुण्या-मुंबईत शस्त्रक्रिया करून ड्रेनच्या नळ्यांसह घरी येतात. तिथून पुढची शुश्रूषा घरच्यांनाच करावी लागते.

ड्रेनची भीती बाळगू नका. हात साबणाने धुऊन रोज ठरलेल्या वेळी त्यातले पाणी मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. फुगा दाबून धरूनच झाकण लावा, नाहीतर नळी ओढत नाही. पाणी आधी लालसर असते, मग पिवळसर होते. 24 तासांत 30 मिलीपेक्षा कमी, असे सलग दोन दिवस आले की सहसा नळी काढतात. निर्णय मात्र सर्जनचाच.

नव्या स्तनाला स्पर्श आणि उष्णता नीट कळत नाही. म्हणून शेक, गरम पाण्याची पिशवी, बर्फ यांतले काहीही नको. प्रेमाने दिलेल्या शेकानेही चटका बसतो आणि तिला तो जाणवतही नाही. जखमेवर हळद किंवा पावडर लावू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात स्तनाखालच्या घडीत घाम साचतो. तो मऊ सुती कापडाने टिपून घ्या, चोळू नका.

पोटाचा फ्लॅप असेल तर सुरुवातीला थोडे वाकून चाला, झोपताना गुडघ्याखाली उशी घ्या. भाकरी थापणे, घागर उचलणे साधारण सहा आठवडे बंद. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर शक्यतो त्या हातावर बीपी घेऊ नका, सुई टोचू देऊ नका.

मिश्री लावत असाल तर ती बंदच करा. हे विचारले की बायका मान खाली घालतात, पण सांगा. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि फ्लॅपचा रक्तपुरवठा तुटू शकतो. घरात कोणी बिडी ओढत असेल तर त्यांनी बाहेर जावे.

फ्लॅप निळसर, काळपट किंवा फिकट व थंड पडला, ड्रेनमध्ये अचानक लालभडक रक्त आले, स्तन झपाट्याने सुजला, जखमेतून पू आला किंवा ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला, तर सकाळची वाट न पाहता सर्जनना फोन करा. एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली तरी तसेच. दम लागला किंवा छातीत दुखले तर फोनवर न थांबता जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या.