इंदूरची दिवाळी
प्लेगच्या साथीनंतर १८९८ साली मुंबईत इम्प्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. नागपाड्यासारख्या दाट वस्त्या त्याने पाडल्या. परंतु पाडली तितकी घरे बांधली नाहीत, आणि उठवलेली कुटुंबे आसपासच्या चाळींतच दाटीने शिरली. (पाडण्याचा हुकूम लगेच निघतो, पुनर्वसनाची फाईल मात्र फिरत राहते, प्रशासनात हे नवे नाही.) होळकरांच्या इंदुरातही प्लेग होताच. तेथे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी १९१८च्या अहवालात निराळा मार्ग मांडला: अगदी मोडकळीस आलेली मोजकी घरे काढावीत, त्या जागी चौक मोकळा करावा, उरलेली दुरुस्त करावीत. दिवाळीची मिरवणूक सर्वांत स्वच्छ गल्ल्यांतून जाईल, असे त्यांनी जाहीर केले, तेव्हा रहिवाशांनीच आपापली घरे झाडली आणि रंगवली.