चार इंच आणि चार फूट

गेल्या संक्रांतीला हैदराबादहून गावी बाईकने गेलो. एकटा. चारशेच्या वर किलोमीटर. हौस होती हे खरंच, पण कारण वेगळं होतं. आमच्या शेताची मोजणी निघाली होती.

विदर्भात ज्याच्या घरी शेती आहे त्याला 'धुरा' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. दोन शेतांमधला बांध म्हणजे धुरा, आणि घराघरातल्या अबोल्याचं अर्धं मूळही तोच. आमचे बाबा आणि मोठे बाबा (म्हणजे बाबांचे थोरले भाऊ) तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. मोठे बाबा म्हणायचे, तुम्ही धुरा सरकवला. बाबा म्हणायचे, सरकवायला तो काय खुर्ची आहे? शेवटी मोजणीचे पैसे भरले आणि तारीख मिळाली.

पहाटे पाचला निघालो. कामारेड्डी, निर्मल, आदिलाबाद. पल्सरची कुरकुर नव्हती. बजाज घराण्याचं जुनं ठाणं वर्ध्याचंच, त्यामुळे तीही माहेरीच चालली होती म्हणायची :) पैनगंगा ओलांडली की दुकानांच्या पाट्या मराठी होतात आणि चहा गोड होतो. वडकीच्या टपरीवर चहावाल्याने हेल्मेटकडे बघून विचारलं, "काऊन भाऊ, हैद्राबादहून एकटेच निघाले का?" हो म्हटल्यावर म्हणाला, "पुढं हवा लय आहे. हळू जाजा."

खरं होतं ते. वर्धा नदीचा पूल ओलांडून जिल्ह्यात शिरलं की दोन्ही बाजूंना नुसती काळी, उघडी जमीन. वेचणी होत आलेली कपाशी, मध्येच तुरीचे पट्टे, आणि उत्तरेचा गार वारा थेट छातीवर. ट्रक आडवा आला की वारा क्षणभर थांबतो, आणि ट्रक गेला की दुप्पट जोराने धक्का देतो. चौथ्या गिअरवरनं तिसऱ्यावर येत मी एका माणसाचा विचार करत होतो, जो दोनशे वर्षांपूर्वी, जानेवारीतच, साधारण याच बाजूने हैदराबादहून नागपूरला निघाला होता. तो नागपूरला पोचला नाही. २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला मुक्कामातच वारला. नाव कर्नल विल्यम लॅम्बटन.

हिंगणघाटला मी शंभर वेळा तरी गेलो असेन. हे नाव मला पहिल्यांदा कळलं ते जॉन के यांच्या 'द ग्रेट आर्क' या पुस्तकातून, तेही हैदराबादच्या फ्लॅटवर लोळत वाचताना. असो.

लॅम्बटनचं काम एका ओळीत सांगायचं तर हिंदुस्थान मोजणं. टिपूच्या पाडावानंतर कंपनीला नव्या मुलखाचे नकाशे हवे होते. लॅम्बटनला त्याहून मोठं काहीतरी हवं होतं, पृथ्वीचा आकार नेमका किती चपटा आहे ते. १० एप्रिल १८०२ ला त्याने मद्रासच्या सेंट थॉमस माउंटजवळ पहिली आधाररेषा मोजायला घेतली. लांबी साडेसात मैल, हत्यार शंभर फुटी पोलादी साखळी. उन्हाने पोलाद लांबतं म्हणून साखळी सावलीत ठेवायची, शेजारी थर्मामीटर, आणि लांबलेल्याचा हिशेब वेगळा. साडेसात मैलांना ५७ दिवस लागले.

पुढची गंमत आपल्या दहावीच्या भूमितीतली. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन माहीत असले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. मग त्यातली एक बाजू घेऊन पुढचा त्रिकोण, त्यावरून त्याच्या पुढचा. टेकडीवरून टेकडीकडे. जमिनीवर पुन्हा साखळी टाकायची गरज नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर रिकर्शन. आणि रिकर्शनचा धोका आपल्याला माहीत आहेच. पहिल्या पायरीवर बारीक चूक झाली की ती शेवटपर्यंत वाढत जाते, आणि प्रोग्राम मात्र आनंदाने चालत राहतो.

म्हणून लॅम्बटन काही अंतरावर थांबून पुन्हा एक आधाररेषा प्रत्यक्ष साखळीने मोजायचा. गणिताने आलेली लांबी आणि मोजलेली लांबी शेजारी ठेवायची. १८०४ मध्ये बंगळूरला अशी तपासणी झाली. मद्रासपासून तीनशे किलोमीटर त्रिकोण जोडत आल्यावर, सात मैलांच्या रेषेत फरक निघाला चार इंचांच्या आत. मला या आकड्याहून जास्त आवडतं ते हे, की स्वतःची चूक शोधायची सोय त्याने पद्धतीतच करून ठेवली होती.

त्याचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, अर्ध्या टनाचा होता. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळाच्या शिखरावर तो चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून वाकलं. तेव्हा विलायतेहून नवं येईपर्यंत काम बंद पडलं असतं. लॅम्बटनने स्वतःला कोंडून घेतलं आणि सहा आठवडे खपून यंत्राची वाकलेली चकती परत गोल केली. प्रॉडक्शन सर्व्हर पडल्यावर रात्र जागवलेल्यांना हे लगेच कळेल.

वीस वर्षांत दीड लाख चौरस मैलांहून जास्त मुलूख त्याने त्रिकोणांत बांधला. काम वऱ्हाडात एलिचपूरच्या (आजच्या अचलपूरच्या) बाजूपर्यंत आलं होतं. मुख्य ठाणं नागपूरला हलवायचं ठरलं आणि त्या प्रवासात खोकल्याने तो गेला. मदतनीस जॉर्ज एव्हरेस्टने सूत्रं हाती घेतली, १८४१ मध्ये ही रेषा हिमालयाच्या पायथ्याशी नेली. पुढे राधानाथ सिकदारांच्या गणिताने जे शिखर सर्वांत उंच ठरलं, त्याला नाव मिळालं एव्हरेस्टचं. लॅम्बटनच्या वाट्याला हिंगणघाटची माती आली. आणि ते अर्ध्या टनाचं धूड टेकड्यांवर वाहून नेणाऱ्या, झेंडे धरून उन्हात उभ्या राहणाऱ्या खलाशांच्या वाट्याला तेवढंही नाही. हे सगळं परोपकार म्हणून चाललं नव्हतं हेही खरं. नकाशा असला की फौज नेता येते, सारा बसवता येतो.

गंमत म्हणजे मार्च १९५१ मध्ये वर्ध्याजवळच्या पवनारहून एक माणूस उलट दिशेने, पायी, हैदराबादकडे निघाला होता. विनोबा. शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला. ते आटोपल्यावर, १८ एप्रिलला, पोचमपल्लीच्या हरिजनांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली आणि गावातल्या रामचंद्र रेड्डींनी उठून १०० एकर देऊ केली. भूदान तिथे सुरू झालं. पुढे लाखो एकर मिळाले, पण त्यातली बरीच जमीन नापीक निघाली, बरीच वादात अडकली, बरीच वाटलीच गेली नाही. म्हणजे जमीन नुसती मोजून भागत नाही, आणि नुसती देऊनही भागत नाही.

हिंगणघाटला पोचलो तर दिवस कलायला आला होता. थडगं शोधायचं ठरवलं होतं. दोघांना विचारलं, तेवढ्यात बाबांचा फोन. "रेल्वेनं ये म्हटलं होतं ना तुला? कुठं आहेस?" मग वणा नदीच्या पुलावर दोन मिनिटं गाडी थांबवली, हेल्मेट काढलं, आणि निघालो. थडगं पुढच्या वेळी.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. हल्ली साखळी नाही, काठीवर लावलेलं जीपीएसचं यंत्र असतं, उपग्रहाशी बोलतं. बाबा एका बाजूला, मोठे बाबा दुसऱ्या बाजूला, मध्ये मी आणि वारा. दुपारपर्यंत निकाल आला. पूर्वेच्या टोकाला धुरा बरोबर जागेवर. पश्चिमेच्या टोकाला चार फूट सरकलेला. मोठ्या बाबांच्या शेतात.

म्हणजे चूक आमची.

बाबांनी मुद्दाम केलं नसणार, हे मी त्यांचा मुलगा म्हणून नाही, हिशेबाने सांगतो. दरवर्षी वखर धुऱ्याला थोडा चाटून जातो. वर्षाला तीन इंच धरले तरी सोळा वर्षांत चार फूट होतात. कोणालाच दिसत नाही, कारण मध्ये थांबून कोणी मोजत नाही. लॅम्बटन तीनशे किलोमीटरनंतर चार इंचांवर होता. आम्ही एका धुऱ्यात चार फुटांवर.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कागदावर सही केली. घरी आल्यावर आईला म्हणाले, "तिळगूळ दादाकडं देऊन ये."

"तुम्हीच जा ना," आई म्हणाली.

गेले. एकटेच. चालत.