खंजेरीचं कूळ आणि डब्लिनची रात्र

वीतभर व्यासाचं लाकडी कडं, त्याच्या एका तोंडावर ताणून बसवलेलं चामडं आणि कड्याच्या खाचांत सैल अडकवलेल्या पितळी चकत्या. खंजेरी म्हणजे एवढंच. तिला ना शाई, ना गट्टे, ना खुंट्या. पुण्या-मुंबईकडं ती आरतीच्या वेळी कोपऱ्यात वाजते. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या देवळी गावात, आणि वर्धा-अमरावतीपासून चंद्रपूर-यवतमाळपर्यंत गावोगावी, ती मधोमध असते. पेटीवाला आणि तबलजी तिच्याकडं बघून वाजवतात, आणि ती ज्याच्या हातात असते तोच बहुधा भजन म्हणतो. हा मान तिला कधीपासून, असं गावात विचारलं तर उत्तर येतं, 'पयलेपासूनच.' तसं नाही. वाद्य जुनं आहे, पण मान आमच्या आजोबांच्या डोळ्यांदेखत मिळालेला आहे. कोणी मिळवून दिला तेही ठाऊक आहे.

एकतोंडी, उथळ कड्याच्या वाद्यांचा गोतावळा मोठा. शाहिराचा डफ, हलगी, खंडोबाच्या वाघ्याची दिमडी ही खंजेरीची सख्खी भावंडं. दक्षिणेत तिला कंजिरा म्हणतात. तिथं पुदुक्कोट्टईच्या मामुंडिया पिळ्ळै यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिला देवळातल्या भजनातून उचलून कर्नाटक संगीताच्या मैफलीत बसवलं. कंजिऱ्याला घोरपडीचं कातडं लागे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला अभय दिलं आणि बकरीच्या कातड्याकडं वळावं लागलं. उत्तरेत निर्गुणी भजनं गात फिरणाऱ्या साधूंच्या हातात खंजडी असे. विदर्भ १९५६ पर्यंत हिंदी मुलखासोबत एकाच प्रांतात नांदला आणि राजधानी नागपूरच होती. त्यामुळं आमच्या खंजेरीचं नातं मला दिमडीपेक्षा या उत्तरेकडच्या खंजडीशी जवळचं वाटतं. आमच्या भजनी मंडळांच्या वहीत आजही मराठी पदाच्या खाली हिंदी पद असतं, आणि कोणाला त्यात काही वेगळं वाटत नाही.

मात्र वारकऱ्यांच्या भजनात वीणा, मृदंग आणि टाळ यांचं राज्य, आणि नारदीय कीर्तनात पेटी-तबल्याचं. खंजेरी होती ती फिरस्त्याची. झोळीत मावते, एका हातात धरून दुसऱ्यानं वाजवता येते, चालताचालताही वाजते. दारी आलेल्याचं वाद्य म्हणून तिच्याकडं पाहिलं जाई, सभेचं वाद्य म्हणून नव्हे.

ही पायरी बदलली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीच्या एका मुलानं. माणिक बंडोजी इंगळे, जन्म १९०९. वरखेडच्या आडकोजी महाराजांनी त्याला तुकड्या हे नाव दिलं. घर सोडून तो रानावनात राहिला, रामटेक-सालबर्डीकडं भटकला, आणि परतला तो खंजेरी घेऊनच. १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, राहायला आले होते. तुकडोजी महाराज त्याच वर्षी तिथं जवळपास महिनाभर राहिले. देवळीहून ते गाव काही लांब नाही.

महाराजांनी खंजेरीचा आकार बदलला नाही, कामगिरी बदलली. देवाची आळवणी होतीच, पण तिच्या जोडीला गावातली घाण, शिवाशिव, व्यसनं, कर्ज, शिक्षण हे विषय भजनात आले. यासाठी वाद्य असं हवं होतं की जे शब्दाला झाकणार नाही. मृदंग भरून वाजतो, त्याच्याखाली शब्द दबतो. खंजेरी थांबवता येते. आमच्याकडचे जुने भजनकरी अजून तसंच करतात. ओळ मोकळी म्हणायची, शेवटचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचू द्यायचा, मग थाप टाकायची आणि तीच ओळ सगळ्यांनी उचलायची. थाप येईपर्यंतच्या त्या क्षणभरात ऐकणारा विचार करतो. वक्तृत्वाचं इतकं नेमकं साधन मी दुसरं पाहिलेलं नाही.

१९४२च्या ऑगस्टमध्ये आमच्याच जिल्ह्यातलं आष्टी आणि चांदा जिल्ह्यातलं चिमूर पेटलं. त्या लोकांच्या तोंडी महाराजांची भजनं होती. सरकारनं महाराजांना पकडून आधी नागपूरच्या आणि मग रायपूरच्या तुरुंगात ठेवलं. १९५५ साली ते जपानच्या विश्वधर्म परिषदेला गेले आणि तिथंही खंजेरी वाजली. त्याच वर्षी ग्रामगीता आली. राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हटलं. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी दुपारी चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी त्यांनी देह ठेवला. दरवर्षी पुण्यतिथीला लाखो माणसं नेमक्या त्या मिनिटाला जिथं असतील तिथं मौन धरतात.

एक गोष्ट मात्र या चरित्रात मागं पडते, आणि कुळकथेच्या दृष्टीनं तीच सगळ्यात मोठी आहे. महाराजांनी खंजेरीला बसायला जागा दिली. त्यांच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव निघाल्या, सायंकाळची सामुदायिक प्रार्थना ठरली. देवळाचा सभामंडप असो, शाळेची ओसरी असो की नुसता सारवलेला ओटा, रोज अमुक वेळी अमुक ठिकाणी माणसं जमणार हे ठरून गेलं. फिरस्त्याच्या वाद्याला पत्ता मिळाला.

पावसाळ्यात या वाद्याचे हाल होतात. हवेत ओल आली की चामडं सैल पडतं, थाप भद्द वाजते. मग म्हातारा भजनकरी मान न वळवता मागं हात करतो, 'पोट्ट्या, आवाज बसला तिचा. शेकून आन.' पोरगं मंडपामागं वर्तमानपत्राची होळी करतं, चामड्याची बाजू जाळापासून हातभर वर धरून कडं गोल फिरवत राहतं. एका जागी धरली तर चामडं करपतं, फार तापली तर तडकतं. मधूनमधून बोटानं टिचकी मारून ऐकायचं. आवाज चढत जातो, आणि हवा तिथं आला की धावत जाऊन हातात द्यायची. तोवर दुसरी खंजेरी चालू असते. मीही हे काम केलं आहे. सूर कानानं ओळखायला मी शिकलो तो पेटीवर नाही, त्या जाळावर.

पुढं शिकायला डब्लिनला गेलो. वर्ध्यात १९७०च्या दशकापासून दारूबंदी आहे, गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून. तिथून आलेल्या माझ्यासाठी पब ही जागाच अनोळखी होती. पण वर्गातल्या मुलांनी सांगितलं की इथलं खरं संगीत ऐकायचं तर पबमध्येच जावं लागतं, टेंपल बारच्या पर्यटकांच्या गर्दीत नाही, नदीपलीकडं स्मिथफील्डच्या 'कॉबलस्टोन'मध्ये. संत्र्याचा रस मागितला तरी कोणी भुवया उंचावल्या नाहीत.

खिडकीजवळच्या टेबलाभोवती सातआठ माणसं गोल बसली होती. फिडल, बासरी, छोटा अकॉर्डियन. ती आमच्याकडं नव्हे, एकमेकांकडं तोंड करून बसली होती. मंच नाही, माइक नाही, सुरुवातीचं निवेदन नाही. एकानं चाल धरायची, ज्यांना येते त्यांनी उचलायची, ज्याला येत नाही त्यानं हात आवरून ऐकायचं. दोनतीन वेळा वाजली की न थांबता दुसरी चाल. जिग सहा मात्रांची, म्हणजे कानाला सरळ दादऱ्याची ओळख पटते. रील चारात चालते, तिथं केहरवा सापडतो. कोणी गायला लागलं की अख्खा पब गप्प होतो.

आणि त्या गोलात एक बाई मांडीवर कडं उभं धरून बसल्या होत्या. दीड फूट व्यासाचं, बकरीच्या चामड्याचं, पण चकत्या नसलेलं. त्याला तिथं बोवरॉन म्हणतात. उजव्या हातात दोन्ही टोकांनी मारता येईल अशी छोटी काडी, आणि डावा हात कड्याच्या आत, चामड्याच्या पाठीला टेकलेला. तो हात सरकला की आवाज खाली-वर होतो. मी त्या डाव्या हाताकडंच बघत राहिलो. मध्यंतरात त्यांना आमच्या खंजेरीबद्दल सांगितलं, शेकण्याबद्दलही. त्या हसून म्हणाल्या, 'आमच्याकडंही पूर्वी चुलीजवळ धरून तापवायचे. आता आत स्क्रू असतात.'

बोवरॉन हजारो वर्षांचं, असं तिथं पुष्कळजण सांगतात. त्याचीही कुळकथा आपल्यासारखीच निघते. खेड्यातल्या घरांत असं कातड्याचं कडं धान्य पाखडायला, धान्य नेआण करायला असे. २६ डिसेंबरला सोंगं घेऊन दारोदार फिरणारी मुलं ते बडवत जात. वर्षातला तेवढा एक दिवस सोडला तर त्याला संगीतात जागा नव्हती. १९५९ साली जॉन बी. कीन यांच्या 'साइव्ह' या नाटकात ते रंगभूमीवर आलं. मग संगीतकार शॉन ओ रिआडा यांनी १९६०च्या सुमारास आपला वाद्यवृंद बांधला. नाचाच्या बँडमधला पाश्चात्त्य ड्रमसेट त्यांना नको होता. त्याऐवजी त्यांनी दारोदार फिरणाऱ्या पोरांचं हे कडं फिडल-बासरीच्या शेजारी बसवलं. त्या मंडळींतूनच पुढं 'चीफटन्स' हा वाद्यवृंद निघाला आणि बोवरॉन जगभर पोचलं. ओ रिआडा १९७१ साली चाळिशीतच गेले. हे ऐकताना मला मोझरी आठवणं साहजिक होतं. इकडंही तिकडंही वाद्य तयार होतं, कमी होती ती त्याला मधोमध बसवणाऱ्या माणसाची.

पबमध्ये बसून वाजवण्याची रीतही फार जुनी नाही. आयर्लंडच्या खेड्यात संगीत स्वयंपाकघरात चाले, नाच चौरस्त्यावर. १९३५ साली सार्वजनिक नाचगृहांचा कायदा आला आणि पाद्र्यांच्या दबावाखाली परवान्याशिवायचे घरगुती जलसेही बंद पाडले गेले. पुढं पोटापाण्यासाठी माणसं इंग्लंडला निघाली. एकट्या १९५०च्या दशकात चार लाखांच्या आसपास माणसं देश सोडून गेली. लंडनमध्ये बांधकामावर राबणाऱ्या या लोकांच्या भाड्याच्या खोलीत वाजवायची सोय नव्हती. म्हणून ते पबमध्ये जमले. कॅम्डन टाउनच्या 'बेडफर्ड आर्म्स'मध्ये मायकल गॉर्मन फिडल वाजवत आणि मार्गारेट बॅरी गात. गाव सुटलेल्या मजुरांनी परमुलखात लावलेली ही रीत नंतर मायदेशी परतली आणि १९६०च्या दशकात डब्लिनच्या 'ओ'डॉनह्यूज'सारख्या ठिकाणी रुजली. म्हणजे हे संगीत पबमध्ये आलं ते दारूसाठी नव्हे, छपरासाठी. दारूविरुद्ध भजनं म्हणणाऱ्या मुलखातून आलेल्या मला हे कळलं तेव्हा त्या जागेबद्दलचा संकोच गेला.

त्या छपरासाठी डब्लिनकर भांडलेही. २०२१ साली 'कॉबलस्टोन'वर आणि भोवती हॉटेल बांधायचा प्रस्ताव आला, तेव्हा लोक वाद्यं घेऊन रस्त्यावर उतरले आणि नोव्हेंबरात महापालिकेनं परवानगी नाकारली.

विदर्भात परतल्यावर मी खंजेरी भजन स्पर्धा वेगळ्या नजरेनं ऐकतो. या स्पर्धांनी वाद्य जिवंत ठेवलं, यात शंका नाही. थंडीत कापूस घरात आला की तालुक्या-तालुक्यातली मंडळं टेंपोत बसून येतात, रात्रभर भजन चालतं, पहाटे निकाल लागतो. अकोला जिल्ह्यातल्या सत्यपाल महाराजांनी तर एकाच वेळी सात खंजेऱ्या पुढ्यात मांडून प्रबोधनाचा नवा प्रकार उभा केला. पण स्पर्धेत मंडळ परीक्षकांकडं तोंड करून बसतं, गजर भोंग्याला पुरा पडावा म्हणून लय चढते, आणि थापेआधीचा तो मोकळा क्षण पहिल्यांदा कापला जातो. चामड्याची जागाही आता बऱ्याच ठिकाणी प्लास्टिकनं घेतली आहे. ते ओलीनं बसत नाही, म्हणून शेकावंही लागत नाही. सोय झाली खरी, पण सूर कानानं चढवायला पोरं कुठं शिकणार, याचं उत्तर कोणी शोधलेलं दिसत नाही.

मला आशा वाटते ती महिला मंडळांकडून. गेल्या काही दशकांत ती वाढली. दिवसभर शेतात निंदण-वेचणी करून आलेल्या बाया रात्री वही उघडतात, आणि त्यांच्यातली एक खंजेरी धरते. स्पर्धा नसली तरी त्या जमतात, गोल बसतात आणि एकमेकींकडं बघून म्हणतात. देवळी-पुलगाव भागात अशा मंडळांना लागतं ते मोठं काही नाही: रात्री उघडा मिळणारा एक समाजमंदिराचा हॉल, त्यात एक दिवा आणि चावी ज्याच्याकडं असेल त्याचा होकार. पुष्कळ गावांत हॉल बांधलेला आहे, आणि चावी तेवढी लग्नसराईतच फिरते.