पायाखालची जमीन

‘पायाखालची जमीन सरकणे’ हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. पण सरकणारी ती जमीन कशाची आहे, हे क्वचितच विचारतो. भूकंपाचा इतिहास लिहिताना ही उपेक्षा आम्हांला गंभीर वाटते.

पारगाव नावाची गावे जुन्नरमध्येही आहेत आणि आंबेगावातही. तिकडे कुकडी, इकडे घोड. सह्याद्रीतून उतरलेल्या या नद्या पुढे एक होऊन भीमेला मिळतात. तळाशी सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्टचा कातळ, काठांवर नद्यांनी साचवलेला गाळ. कुकडीकाठच्या बोरी येथे याच गाळात अश्मयुगीन हत्यारे आणि ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला. ही राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची मानली जाते. तिच्या वयाविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत.

इतिहास जपणारा हा गाळ भूकंपाची लाट मात्र बदलून टाकतो. कातळातून वेगाने आलेली लाट मऊ थरात मंदावते आणि तिचा झोका वाढतो. खोलगट खोऱ्यात ती काठांवर आपटून पुन्हापुन्हा परतते, त्यामुळे हादरे लांबतात. थराची आणि इमारतीची लय जुळली, की अनर्थ ओढवतो. १९८५ साली साडेतीनशे किलोमीटरहून दूरच्या भूकंपाने मेक्सिको शहराचा जुन्या सरोवरावर वसलेला भाग उद्ध्वस्त झाला, तो यामुळेच. डोंगरमाथ्यावरही लाटा एकवटतात. म्हणून उंचावरचे घर कातळावर असले तरी निर्धास्त नसते.

आपल्याकडे ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा आणि ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप स्मरणात आहेत. किल्लारी परिसरात सुमारे दहा हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड धाबी झोपलेल्यांवर कोसळली. त्या भिंतींविषयी पुष्कळ लिहिले गेले; त्यांच्याखालच्या काळ्या मातीची चर्चा तज्ज्ञांपुरतीच राहिली. आंबेगावातील माळीण २०१४ साली दरडीखाली गाडले गेले, ते पावसाने, भूकंपाने नव्हे. पण उतार आणि त्यावरची माती वाचायला हवी, हा धडा तोच.

ही वाचनाची सामग्री गावातच आहे. विहीर खणणाऱ्याला माती किती हात, मुरूम कुठे लागला, कातळ किती खोल, हे ठाऊक असते. गावाचा इतिहास लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी देवळाच्या शिलालेखाइतक्याच आस्थेने ही माहिती टिपून ठेवावी, असे आम्ही सुचवतो.