ब्रूज : कालव्याकाठची सायकल सफर
बेल्जियममधील ब्रूज शहराच्या मध्ययुगीन गाभ्याला २००० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. शहराच्या ईशान्येस दाम्मचा कालवा सुरू होतो. नेपोलियनच्या आदेशाने खोदलेल्या या कालव्याच्या काठाने, पॉप्लर वृक्षांच्या रांगांतून, दाम्म हे गाव सुमारे ६ किलोमीटर, तर नेदरलँड्समधील स्लाउस सुमारे १५ किलोमीटर अंतरावर आहे. मार्गात चढ जवळजवळ नाहीतच. कारण येथे पूर्वी झ्विन ही समुद्राची खाडी होती. १३४० मध्ये इंग्रज आणि फ्रेंच आरमारे स्लाउसजवळच्या पाण्यात लढली. पुढे खाडी गाळाने भरली, ब्रूजच्या सागरी व्यापाराला ओहोटी लागली आणि पाण्याच्या जागी शेते आली. या सपाटीवर वारा मात्र दमवतो. शक्यतो जाताना तो समोरून घ्यावा. परतीचा प्रवास सुखाचा होतो.