बुश विरुद्ध गोर

बुश विरुद्ध गोर हा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २००० रोजी निकाली काढलेला निवडणूकविषयक खटला होय. या निकालामुळे फ्लोरिडा राज्यातील मतपत्रिकांची हाताने करावयाची फेरमोजणी कायमची थांबली. त्या राज्याची २५ निर्वाचक मते रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्याकडे राहिली आणि ते अमेरिकेचे ४३ वे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांचे प्रतिस्पर्धी, डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार व तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष ॲल गोर यांना देशभरात बुश यांच्यापेक्षा सुमारे ५ लाख ४४ हजार मते अधिक मिळाली होती.

फ्लोरिडात कोणाला जास्त मते पडली, हे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले नाही. मते कोणत्या निकषाने आणि कोणत्या दिवसापर्यंत मोजता येतील, एवढाच प्रश्न त्याने सोडविला. मात्र दोन्ही उमेदवारांतील अंतर अत्यल्प असल्यामुळे या प्रश्नाच्या उत्तराबरोबरच निवडणुकीचाही निकाल लागला. न्यायसंस्था आणि पक्षीय राजकारण यांच्या परस्परसंबंधाच्या अभ्यासात हा खटला महत्त्वाचा मानला जातो.

पार्श्वभूमी

अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष थेट जनतेच्या एकूण मतांवर निवडला जात नाही. प्रत्येक राज्याला ठराविक संख्येने निर्वाचक दिलेले असतात आणि बहुतेक राज्यांत सर्वाधिक मते मिळविणाऱ्या उमेदवारास त्या राज्याचे सर्व निर्वाचक मिळतात. एकूण ५३८ निर्वाचक मतांपैकी २७० मते मिळविणारा उमेदवार विजयी ठरतो. ही निवडणूक घेण्याचे काम भारताच्या निवडणूक आयोगासारखी एखादी केंद्रीय संस्था करीत नाही. प्रत्येक राज्य आपापल्या कायद्यानुसार मतदान घेते आणि प्रत्यक्ष व्यवस्था काउंटी या स्थानिक घटकाकडे असते. त्यामुळे एकाच राज्यात मतपत्रिकेचे स्वरूप, मतदानाचे यंत्र आणि मोजणीची पद्धत काउंटीगणिक वेगळी असू शकते.

७ नोव्हेंबर २००० रोजी मतदान झाले. त्या रात्री दूरचित्रवाणी वाहिन्यांनी फ्लोरिडात प्रथम गोर यांना विजयी घोषित केले, मग ते भाकीत मागे घेतले आणि मध्यरात्रीनंतर बुश यांना विजयी घोषित केले. गोर यांनी बुश यांना दूरध्वनी करून पराभव मान्य केला, परंतु अंतर कमी होत असल्याचे कळताच काही वेळातच तो मागे घेतला. इतर राज्यांचे चित्र स्पष्ट झाले तेव्हा फ्लोरिडाशिवाय दोघांपैकी कोणालाही २७० चा आकडा गाठता येत नव्हता.

फ्लोरिडातील सुमारे ६० लाख मतांमध्ये पहिल्या मोजणीअखेर बुश १,७८४ मतांनी पुढे होते. अंतर अर्ध्या टक्क्याहून कमी असल्याने राज्याच्या कायद्यानुसार यंत्राद्वारे आपोआप फेरमोजणी झाली आणि १४ नोव्हेंबर रोजी जाहीर झालेली आघाडी केवळ ३०० मतांची उरली. परदेशातून आलेली टपाली मते मिळविल्यावर ती ९३० झाली.

मतपत्रिकांचा प्रश्न

फ्लोरिडातील अनेक काउंट्यांमध्ये छिद्रपद्धतीची मतपत्रिका वापरात होती. मतदाराने टोकदार साधनाने उमेदवाराच्या नावासमोरील खुणेवर दाब देऊन कार्डाला छिद्र पाडावयाचे असे. पडलेला कागदाचा बारीक तुकडा चॅड या नावाने ओळखला जातो. हा तुकडा पूर्ण सुटला नाही, एखाद्या कोपऱ्यास लोंबकळत राहिला किंवा त्यावर केवळ खळगा पडला, तर यंत्र ते मत वाचू शकत नसे. यंत्राला राष्ट्राध्यक्षपदासाठी एकही मत न आढळलेल्या अशा मतपत्रिकांची संख्या राज्यात सुमारे ६० हजार होती. एकापेक्षा अधिक उमेदवारांना मत दिल्यामुळे बाद ठरलेल्या मतपत्रिका याहून अधिक, म्हणजे एक लाखावर होत्या.

पाम बीच काउंटीत वेगळीच अडचण उद्भवली. तेथील मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे समोरासमोरच्या दोन पानांवर आणि छिद्रांची रांग मध्यभागी होती. फुलपाखराच्या पंखांसारख्या या मांडणीमुळे अनेक मतदारांचा गोंधळ झाला. रिफॉर्म पक्षाचे पॅट ब्युकॅनन यांना या काउंटीत ३,४०७ मते मिळाली. त्यांतील बरीच मते गोर यांच्यासाठी असावीत, असे अभ्यासकांचे मत आहे. मात्र चुकून दुसऱ्याला दिलेले मत फेरमोजणीने परत मिळत नसल्यामुळे हा मुद्दा पुढील मुख्य वादात टिकला नाही.

यंत्राने न वाचलेल्या मतपत्रिका हाताने तपासताना फ्लोरिडाच्या कायद्यात मतदाराचा हेतू हा निकष सांगितला होता. लोंबकळता तुकडा किंवा नुसता खळगा हे हेतूचे पुरेसे चिन्ह आहे की नाही, याविषयी कायद्यात काहीही नव्हते. पुढील सर्व न्यायालयीन लढाई या उणिवेभोवती फिरली.

राज्यातील वाद

हाताने फेरमोजणीची मागणी राज्यासाठी एकत्रितपणे नव्हे, तर काउंटीनिहाय करण्याची तरतूद होती. गोर यांच्या बाजूने व्होलुशिया, पाम बीच, ब्रॉवर्ड आणि मायामी-डेड या चार काउंट्यांत ती मागणी करण्यात आली. या चारही काउंट्यांत गोर यांना चांगला पाठिंबा होता. बुश यांनी संमती दिल्यास संपूर्ण राज्यात हाताने मोजणी करावी, असा प्रस्ताव गोर यांनी १५ नोव्हेंबर रोजी मांडला. बुश यांनी तो नाकारला. फेरमोजणी रोखण्यासाठी बुश यांच्या बाजूने केंद्रीय न्यायालयात दाखल झालेला पहिला अर्जही फेटाळला गेला होता.

निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांचे पक्षसंबंध उघड होते. निकाल प्रमाणित करण्याचा अधिकार असलेल्या राज्यसचिव कॅथरीन हॅरिस या बुश यांच्या फ्लोरिडातील प्रचार समितीच्या सहअध्यक्षा होत्या. राज्याचे महाधिवक्ता बॉब बटरवर्थ यांच्याकडे गोर यांच्या राज्यातील प्रचाराचे नेतृत्व होते. गव्हर्नर जेब बुश हे उमेदवाराचे बंधू होते. दुसरीकडे, फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयातील सातही न्यायमूर्तींच्या नेमणुकीत डेमोक्रॅटिक गव्हर्नरांचा सहभाग होता. त्यामुळे प्रत्येक निर्णयानंतर पराभूत बाजूकडून पक्षपाताचा आरोप होत राहिला.

हॅरिस यांनी कायद्यातील १४ नोव्हेंबरची मुदत पाळण्याचा आग्रह धरला. फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ नोव्हेंबर रोजी ती २६ नोव्हेंबरपर्यंत वाढविली. वाढीव मुदतीतही काम पुरे होणार नाही असे पाहून मायामी-डेडने मोजणी थांबविली. पाम बीचची आकडेवारी मुदतीनंतर सुमारे दोन तासांनी पूर्ण झाल्यामुळे ती स्वीकारण्यात आली नाही. २६ नोव्हेंबर रोजी हॅरिस यांनी बुश यांना ५३७ मतांनी विजयी प्रमाणित केले. प्रमाणित आकडे बुश २९,१२,७९० आणि गोर २९,१२,२५३ असे होते.

प्रमाणपत्रापूर्वीची हरकत आणि प्रमाणपत्रानंतरचे न्यायालयीन आव्हान असे दोन स्वतंत्र टप्पे फ्लोरिडाच्या कायद्यात होते. पहिल्या टप्प्याची मुदत वाढल्यामुळे दुसऱ्या टप्प्यासाठी फारच थोडे दिवस उरले. गोर यांनी २७ नोव्हेंबर रोजी आव्हान दाखल केले. लिऑन काउंटीतील न्यायालयाने ते ४ डिसेंबर रोजी फेटाळले. ८ डिसेंबर रोजी फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ अशा मतांनी तो निर्णय फिरविला आणि यंत्राने मत न वाचलेल्या मतपत्रिकांची संपूर्ण राज्यात हाताने मोजणी करण्याचा आदेश दिला. विरोधी मत देणाऱ्या तिघांमध्ये त्या न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश चार्ल्स वेल्स यांचाही समावेश होता.

सर्वोच्च न्यायालयापुढे

फेरमोजणी ९ डिसेंबर रोजी सकाळी सुरू झाली आणि त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तिला स्थगिती दिली. संशयास्पद वैधतेची मते मोजल्यास बुश यांच्या विजयाच्या वैधतेवर छाया पडून भरून न येणारी हानी होईल, असे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी स्थगितीच्या समर्थनार्थ लिहिले. वैधपणे दिलेले प्रत्येक मत मोजण्याने अशी हानी होऊ शकत नाही, असा प्रतिवाद न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी केला.

११ डिसेंबर रोजी युक्तिवाद झाले. बुश यांच्या वतीने थिओडोर ओल्सन आणि गोर यांच्या वतीने डेव्हिड बॉईस यांनी बाजू मांडली. निकाल दुसऱ्याच दिवशी रात्री दहाच्या सुमारास जाहीर झाला.

या घाईमागे केंद्रीय कायद्यातील एक तरतूद होती. निर्वाचकांच्या मतदानाच्या किमान सहा दिवस आधी राज्याने आपल्या पूर्वीच्या कायद्यानुसार सर्व वाद मिटविले असतील, तर काँग्रेसने तो निर्णय अंतिम मानावा, असे संरक्षण या तरतुदीने दिले होते. २००० साली निर्वाचकांचे मतदान १८ डिसेंबरला असल्यामुळे ही सुरक्षित मुदत १२ डिसेंबरला मध्यरात्री संपत होती.

निकाल

मुख्य निकालपत्र लेखक न्यायमूर्तींचे नाव न देता न्यायालयाच्या नावे प्रसिद्ध करण्यात आले. त्यात दोन वेगळे प्रश्न होते.

पहिला प्रश्न समानतेचा होता. एकसमान निकष नसल्यामुळे सारखीच खूण असलेली मतपत्रिका एका काउंटीत वैध व दुसऱ्या काउंटीत अवैध ठरत होती. पाम बीचमध्ये तर मोजणी चालू असतानाच निकष बदलले गेले होते. एकापेक्षा अधिक खुणांमुळे बाद झालेल्या मतपत्रिका फेरमोजणीतून वगळल्या होत्या. हे चौदाव्या घटनादुरुस्तीतील समान संरक्षणाच्या कलमाशी विसंगत असल्याचे न्यायालयाने म्हटले. फेरमोजणीच्या पद्धतीत घटनात्मक दोष असल्याचे नऊपैकी सात न्यायमूर्तींनी मान्य केले.

दुसरा प्रश्न उपायाचा होता. सुरक्षित मुदतीचा लाभ घेण्याची फ्लोरिडाच्या विधिमंडळाची इच्छा होती, ती मुदत त्याच रात्री संपत आहे आणि म्हणून नव्या निकषानुसार मोजणी शक्य नाही, असे पाच न्यायमूर्तींनी ठरविले. हा निर्णय ५ विरुद्ध ४ असा झाला. बहुमतात सरन्यायाधीश विल्यम रेनक्विस्ट, तसेच सॅंड्रा डे ओ'कॉनर, अँटोनिन स्कॅलिया, अँथनी केनेडी आणि क्लॅरेन्स थॉमस हे न्यायमूर्ती होते.

रेनक्विस्ट यांनी स्वतंत्र सहमतीचे निकालपत्र लिहिले. त्यास स्कॅलिया व थॉमस यांनी पाठिंबा दिला. राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदाने निर्वाचक नेमण्याची रीत ठरविण्याचा अधिकार राज्याच्या विधिमंडळास दिला असून फ्लोरिडाच्या न्यायालयाने कायद्याचा अर्थ लावताना त्यावर अतिक्रमण केले, असे त्यांचे म्हणणे होते.

न्यायमूर्ती डेव्हिड सूटर व स्टीव्हन ब्रायर यांना निकषांच्या असमानतेचा आक्षेप पटला होता. तथापि, एकसमान निकष ठरवून १८ डिसेंबरपर्यंत मोजणी पूर्ण करण्याची संधी राज्याला द्यावी, असे त्यांचे मत होते. स्टीव्हन्स आणि रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी राज्याच्या कायद्याचा अर्थ लावण्याचा अधिकार राज्याच्या न्यायालयाचा आहे, यावर भर दिला. या निकालाने खरे नुकसान न्यायाधीश हे कायद्याचे निःपक्ष रक्षक आहेत या विश्वासाचे झाले, अशा आशयाचे मत स्टीव्हन्स यांनी नोंदविले.

निकालानंतर

१३ डिसेंबर रोजी गोर यांनी दूरचित्रवाणीवरून केलेल्या भाषणात निकालाशी तीव्र असहमती व्यक्त करीत तो मान्य केला. अंतिम निर्वाचक मते बुश २७१ व गोर २६६ अशी झाली. ६ जानेवारी २००१ रोजी काँग्रेसमध्ये निर्वाचक मतांची मोजणी झाली, तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष या नात्याने गोर स्वतः अध्यक्षस्थानी होते आणि त्यांनीच प्रतिस्पर्ध्याचा विजय घोषित केला. एकूण मतांत मागे राहूनही राष्ट्राध्यक्ष निवडून येण्याची घटना १८८८ नंतर प्रथमच घडली.

प्रमुख वृत्तसंस्थांच्या समूहाने शिकागो विद्यापीठाशी संलग्न संशोधन संस्थेकडून १ लाख ७५ हजारांवर वादग्रस्त मतपत्रिका तपासून घेतल्या. नोव्हेंबर २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गोर यांनी मागितलेल्या चार काउंट्यांपुरती मोजणी पूर्ण झाली असती, तरी बुश यांचीच आघाडी टिकली असती. मात्र राज्यातील सर्व वादग्रस्त मतपत्रिका, एकापेक्षा अधिक खुणांच्या मतपत्रिकांसह, मोजल्या असत्या तर गोर निसटत्या मतांनी पुढे गेले असते. अशी संपूर्ण मोजणी कोणत्याही न्यायालयापुढे मागण्यात आलेली नव्हती.

टीका आणि समर्थन

बहुमतातील पाचही न्यायमूर्ती रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले होते. राज्यांच्या अधिकारांचा एरवी पुरस्कार करणाऱ्या न्यायमूर्तींनी येथे राज्याच्या न्यायालयाचा निर्णय रद्द केला, ही विसंगती टीकाकारांनी दाखवून दिली. आपला विचार सध्याच्या परिस्थितीपुरताच मर्यादित आहे, या निकालपत्रातील विधानावरही बरीच टीका झाली. त्याच वेळी भिन्नमत देणाऱ्या चौघांपैकी स्टीव्हन्स व सूटर हे दोघेही रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनीच नेमलेले होते, ही बाबही लक्षात घेतली जाते.

समर्थकांच्या मते, मोजणी चालू असताना निकष ठरविणे कोणत्याही निवडणुकीत अन्यायाचे ठरते. वाद काँग्रेसपर्यंत गेला असता तर अनिश्चितता आणखी लांबली असती, असेही ते म्हणतात. १८७६ च्या निवडणुकीत फ्लोरिडासह काही राज्यांच्या निर्वाचकांचा वाद सोडविण्यासाठी काँग्रेसने १५ सदस्यांचा आयोग नेमला होता. त्यात सर्वोच्च न्यायालयाचे पाच न्यायमूर्ती होते आणि आयोगाचे निर्णय पक्षनिहाय ८ विरुद्ध ७ असेच लागले होते. न्यायालयाने हे प्रकरण सुनावणीस घ्यावयास नको होते असे कदाचित म्हणता येईल, असे मत ओ'कॉनर यांनी निवृत्तीनंतर २०१३ मध्ये व्यक्त केले.

परिणाम

काँग्रेसने २००२ मध्ये हेल्प अमेरिका व्होट ॲक्ट हा कायदा संमत केला. त्याने छिद्रपद्धतीची यंत्रे बदलण्यासाठी राज्यांना निधी दिला, निवडणूक सहाय्य आयोग स्थापन केला आणि नाव यादीत न सापडलेल्या मतदारास तात्पुरती मतपत्रिका मिळण्याची तरतूद केली.

रेनक्विस्ट यांनी मांडलेला विधिमंडळाच्या अधिकाराचा मुद्दा पुढे स्वतंत्र सिद्धान्त म्हणून चर्चेत आला. मूर विरुद्ध हार्पर या खटल्यात २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी त्याचे टोकाचे रूप अमान्य केले. मात्र राज्याच्या न्यायालयाने आपल्या अधिकाराची साधारण मर्यादा ओलांडल्यास हस्तक्षेप करण्याची मुभा त्याने स्वतःकडे राखून ठेवली. हा निर्णय लिहिणारे सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स, तसेच ब्रेट कॅव्हानॉ व एमी कोनी बॅरेट या तिघांनीही २००० साली वकील म्हणून बुश यांच्या बाजूने काम केले होते.

निवडणुकीनंतर न्यायालयात जाणे हा २००० नंतर दोन्ही पक्षांच्या प्रचारयंत्रणेचा नियमित भाग बनला. २०२० च्या निवडणुकीनंतर डोनाल्ड ट्रम्प व त्यांच्या समर्थकांनी साठाहून अधिक दावे दाखल केले आणि ते जवळजवळ सर्व फेटाळले गेले. टेक्सास राज्याने इतर चार राज्यांच्या निकालाविरुद्ध केलेला अर्ज सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०२० रोजी नाकारला. या वेळी पराभूत उमेदवाराने न्यायालयांचे निर्णय स्वीकारले नाहीत आणि ६ जानेवारी २०२१ रोजी निर्वाचक मतांची मोजणी चालू असताना जमावाने संसदभवनावर हल्ला केला. त्यानंतर २०२२ मध्ये काँग्रेसने निर्वाचक मतांच्या मोजणीविषयीच्या जुन्या कायद्यात सुधारणा करून राज्यांनी निकाल प्रमाणित करण्याची मुदत आणि न्यायालयीन आव्हानाची पद्धत अधिक स्पष्ट केली.